लिंबोणीवरची अळी

आमच्या मुलीची अळी मी संडासात टाकली आणि वर पाणी सोडलं. सहा वर्षं झाली, हे मी कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही.

मे महिन्याची सुट्टी होती. बायको शाळेत शिकवते, त्यामुळे सुट्टीतही घरात तिचं वेळापत्रक: दर आठवड्याला एक विषय. तो आठवडा फुलपाखरांचा. गुजरातेत, वासण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये हात लावाल तिथे डिंक. सोमवारी पानांवर साबुदाणे चिकटवून अंडी झाली, मंगळवारी जुन्या लग्नपत्रिकांचे पंख. शिवाय सोसायटीतल्या लिंबोणीवरून आणलेली एक खरी अळी, शेवेच्या बरणीत, तोंडाला फडकं आणि रबर. आठ वर्षांची मुलगी रोज तिचं चित्र काढायची आणि विचारायची, "बाबा, आज कोश करेल?"

मला ती बरणी बघवत नसे. कुरतडलेली पानं, तळाशी काळ्या ओल्या लेंड्या, आणि हे सगळं जेवणाच्या टेबलावर, वरणाशेजारी. रिफायनरीत मी दिवसभर नाही नाही ते वास घेतो. पण गुरुवारी बायको पेपर तपासायला गेली, मला रजा होती, पानं बदलायचं काम माझ्याकडे आलं. काडीनं जरा ढोसलं तर अळीनं डोक्यातून दोन नारिंगी, ओली शिंगं बाहेर काढली. कुजक्या लिंबाचा वास बोटांना लागला. पुढचं सांगितलंच आहे.

दुपारी मुलगी उठली, रिकामी बरणी बघून रडायला लागली. मी म्हणालो, "दादानं फडकं सैल ठेवलं असेल." असेल! अळीची किळस केव्हाच गेली, त्या 'असेल'ची जात नाही.

तिचा दादा, आमचा अकरा वर्षांचा मुलगा, धावत आला. "में नथी खोल्युं, बाबा! साचुं कहुं छुं!" मी उघडलं नाही, खरं सांगतो, असं तो गुजरातीत म्हणत होता.

घरात मराठीच बोलायचं, हा माझ्या वडिलांपासूनचा नियम. तो मला बरा सापडला. "बघ, खोटं बोलायचं म्हटलं की याची मराठी पळते," मी मुलीला म्हणालो. घाबरला की तो गुजरातीतच बोलायचा, हे मला चांगलं ठाऊक होतं.

संध्याकाळी बायकोनं त्याला बहिणीची माफी मागायला लावली. त्यानं मागितली, अगदी शुद्ध मराठीत. मी समोर बसून चहा पीत होतो.

मुलगी अजून चिडवते, "दादाकडे काही सांभाळायला देऊ नका हं!" तो हसत नाही. आता सतरा वर्षांचा आहे. माझ्याशी कामापुरतं बोलतो, तेही गुजरातीत. मी टोकत नाही. कुठल्या तोंडानं टोकू?

त्याच्या बहिणीसमोर मला त्याची माफी मागायची आहे. अजून मागितलेली नाही.