देवाजीच्या मागचा सूर्य

अड्याळ गावात गेल्या काही वर्षांत जे कोणी वर गेले, ते सगळे भिंतीवर एकाच सूर्यास्तापुढे उभे आहेत. ही करामत तेजराम फोटोवाल्याची. तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या, फोटोसाठी घरचे लोक आधार कार्डावरचा चेहरा घेऊन येत. तेजराम तो कॉम्प्युटरवर कापी, त्याला कोट चढवी, आणि मागे लावी तोच लालभडक सूर्य, तेच ताडाचं झाड, तेच दोन बगळे. जन्मभर बंडीत वावरलेला माणूस मेल्यावर साहेब होई. कोणाची काही तक्रार नव्हती.

तक्रार आणली पुष्पाबाईने. तिचा नवरा देवाजी नुकताच गेला होता.

"तेजराम, यायच्या मागं दुसरा सूर्य लाव. हा आधी गेलेल्या डोमाच्या मागं हाये. यायचं अन् डोमाचं जनमभर पटलं नाही. आता एका सूर्याखाली उभं करतं का दोघायले?"

"काकू, सूर्य तं एकच हाये ना!"

"मले वेगळा पायजे. तेरवीच्या आधी."

तेजराम पुरता गोंधळला. सूर्य वेगळा कसा काढतात? मोबाइलवरचा एक शहाणा सांगे, पुढे काहीतरी काळं ठेवा. तेजरामने तलावाकाठी म्हैस उभी केली. म्हैस खाली बसली. दुसरा म्हणे, पाण्यातलं प्रतिबिंब घ्या. तेही घेतलं. रोज नवा फोटो घेऊन तो पुष्पाबाईकडे जाई आणि ती मान हलवी, "हा तं कोणाचाही हाये." तेरवी तोंडावर आली आणि तेजरामची अक्कल गहाण पडल्यासारखी झाली.

"काकू, त्यायले सूर्य आवडे तरी कसा?" शेवटी त्याने विचारलं.

"कायचा आवडते! कधी पाहिला बी नाही. तलावाच्या पाळीवर बसत, सूर्याकडं पाठ अन् धानाकडं तोंड. मी खालून हाका मारत होती, अंधार पडून राहिला, घरी चला. उठतच नव्हते."

त्या संध्याकाळी तेजराम तलावाच्या बांधावर, त्याच पाळीवर, देवाजीच्या जागी जाऊन बसला. सूर्याकडे पाठ करून. समोर धानाची खाचरं पिकून उभी होती आणि उतरतं ऊन त्यांवरून हलके हलके पुढे सरकत होतं. इतकी वर्षं आपण भलतीकडेच तोंड करून उभे होतो की काय, असं त्याला वाटलं. खांद्याची बॅग न उतरवता त्याने बसल्याबसल्याच फोटो काढला.

दुकानात येऊन पाहतो तर त्याची स्वतःचीच सावली धानावर लांबलचक पडलेली. धंद्यात याहून मोठा गाढवपणा नाही. तो ती पुसायला बसला, एवढ्यात पुष्पाबाई आली. पडद्याकडे पाहिलं आणि तिने पदर तोंडाला लावला.

"हेच," ती म्हणाली. "चेहरा चिपकवू नोको. बसले हायेत ना ते."

तेजरामने पुसणं थांबवलं. सावली आपलीच आहे हे सांगावं की न सांगावं, ते त्याचं ठरेना. फोटो तसाच फ्रेममध्ये गेला.

तेरवीला त्या फोटोवर झेंडूचा हार चढला. तेजरामची बायको कलाबाई पाया पडायला वाकली आणि तशीच थबकली.

"अवो, हा तं तुमच्या बॅगचा पट्टा दिसते! तुमची सावली हाये ही. जित्या माणसाले हार?"

हार काढावा तर पुष्पाबाईचं मन मोडतं, ठेवावा तर बायको आत्ताच विधवा झाल्यासारखी रडते. तेजराम चाचरत पुष्पाबाईपुढे गेला. "काकू, तो फोटो..."

"मले दिसत नाही का?" ती म्हणाली. "पट्टा मी दुकानातच पाहिला होता. पण हे गेल्यापासून त्या जागेवर कोणी बसलं नाही, तेजराम. मीबी नाही. माह्यानं जाववलंच नाही. तू बसला." तिने हार उचलला आणि बाजूच्या खिळ्याला टांगला. "घे कलाबाई. आता झालं?"

घरी कलाबाईने मीठमिरच्यांनी त्याची दृष्ट काढली. फोटो चांगला आला की चुकला, हे मात्र तेजरामला काही केल्या उमगेना.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना तो कॅमेरा घेऊन पुन्हा तलावावर गेला. देवाजीच्या जागी कोणीतरी आधीच बसलं होतं, सूर्याकडे पाठ करून. पुष्पाबाईच होती. तिची सावली पाळीवरून उतरून धानात पोचली होती.

असा फोटो जन्मात एकदा मिळतो. तेजरामने कॅमेरा काढला नाही. तो पाळीखाली उभा राहिला आणि बऱ्याच वेळाने त्याने हाक मारली, "काकू, अंधार पडून राहिला. घरी चला."