आजाऱ्यांना भेटायचा वर्ग

अमेरिकेत मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीला राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं मला सगळीकडे एकच प्रश्न विचारला जायचा. मराठी मंडळींच्या घरी जेवायला गेलं की एखाद्या काकू स्वयंपाकघरात हळूच विचारायच्या, "तुम्ही इथे आल्यावर झालात का ख्रिश्चन?" आणि चर्चमध्ये कोणी बाई माझा हात हातात घेऊन कौतुकानं विचारायची, "तू कधी कन्व्हर्ट झालीस?" मी दोन्हीकडे सांगायचे, की मिरजेला आमच्या घरात चार पिढ्या प्रेस्बिटेरियन आहेत, माझे आजोबा तिथल्या चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळात होते, मी लहानपणापासून मराठी उपासनेत गात आलेय. काकूंना वाटायचं मी लपवतेय. चर्चमधल्या बाईला वाटायचं मला प्रश्न कळला नाही.

त्या चर्चमध्ये आम्ही तिघंच सावळे होतो. मी, माझा नवरा आणि आमची मुलगी, या गोष्टीच्या वेळी तीन वर्षांची. नवरा एका कंपनीत इंजिनिअर होता, मी मिनियापोलिसच्या हॉस्पिटलात नर्स. उपासना साडेदहाला असायची, पण नऊला तळघरात मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा. मुलीला वरच्या नर्सरीत सोडलं की मी त्या वर्गात जाऊन बसायचे. नवरा तेवढा वेळ घरीच झोपायचा आणि थेट उपासनेला यायचा.

वर्गात बारा-चौदा जण असत, बहुतेक साठीच्या पुढचे. शिकवणारे गृहस्थ हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवून रिटायर झाले होते. दर रविवारी टाइप केलेला एक कागद सगळ्यांना वाटायचे आणि दहाला पाच मिनिटं राहिली की वाक्य अर्धवट असलं तरी थांबायचे. मग कॉफी.

कॉफी करणारी बाई पासष्टीची होती. उंच, हाडापेरानं मोठी, हात सतत कामात. तळघराच्या किचनमधले जाड पांढरे कप तीच मांडायची आणि तीच धुवायची. उपासनेत प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांना द्राक्षरस देतात, ते छोटे ग्लास भरायचं-धुवायचं कामसुद्धा वीस वर्षं तिच्याकडेच होतं. तिनं पहिल्याच दिवशी मला सांगितलं, मला नावानं हाक मार. आईपेक्षा मोठ्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. मी तिला म्हटलं, आमच्याकडे तुमच्यासारखीला मावशी म्हणतात. तिनं तो शब्द तीन-चारदा म्हणून पाहिला आणि ठेवून घेतला. पहिल्या हिवाळ्यात मी बर्फावर गाडी चालवायला घाबरायचे, तर तिनं मला चर्चच्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये नेऊन तीन शनिवार शिकवलं. मुद्दाम ब्रेक दाबायला लावायची, गाडी घसरली की म्हणायची, "आता पाय काढ. घाबरलीस की पाय आणखी दाबतेस, तिथेच चुकतं." माझी मुलगी आजारी पडली तेव्हा मला ड्यूटी होती, म्हणून तीन दिवस तिला हीच घेऊन बसली.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. त्या वर्षी सप्टेंबरात वर्गानं नवा विषय घेतला, आजारी माणसांना भेटायला कसं जावं. मंडळीत म्हातारी माणसं बरीच होती आणि पाळक, म्हणजे पास्टर, एकटे सगळीकडे पुरत नव्हते, म्हणून साध्या माणसांनीच हे काम शिकावं असं ठरलं होतं. शिक्षकांचे कागद चांगले होते. पलंगावर बसू नये, खुर्ची घ्यावी. उपदेश करू नये. रोग्याला बोलायचं नसेल तर गप्प बसावं. आम्ही नाटकं करायचो. कोणीतरी तीन घडीच्या खुर्च्यांवर आडवं व्हायचं, दुसरं भेटायला यायचं. लोक हसायचे, चुका करायचे. मध्येच शिक्षक माझ्याकडे वळायचे, "नर्सबाई, बरोबर आहे का हे?" वर्गात मला एक जागा मिळाली होती. पाच वर्षं मी त्याचीच वाट पाहिली होती, हे तेव्हा मला कळलं.

ऑक्टोबरच्या शेवटी मावशीचा मुलगा शिकागोहून घरी आला. पस्तिशीचा होता, नकाशे काढायचं काम करायचा. तिनं आधी न्यूमोनिया झालाय एवढंच सांगितलं. मग एका रविवारी, वर्गाच्या शेवटी प्रार्थनेची विनंती सांगायची वेळ आली तेव्हा ती किचनच्या दारातून म्हणाली, "माझ्या मुलाला एड्स आहे. डॉक्टर म्हणतात तो यातून उठणार नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि जमेल त्यांनी त्याला भेटायला या. त्याला माणसं आवडतात."

तिचा नवरा मागच्या खुर्चीवर बसला होता. त्यानं खाली बघितलं. शिक्षकांनी प्रार्थना केली, चांगली केली. मग सगळे कॉफीला उठले. मी मोजत नव्हते, पण त्या दिवशी कप उचलणारे फार थोडे होते.

पुढच्या रविवारी टेबलावर थर्मोकोलच्या पेल्यांची उंच चळत होती. मावशीनं कपाट उघडून पांढरे कप नेहमीप्रमाणे मांडले. लोक तिच्याशी गोड बोलत, तिच्या दंडावर हात ठेवत आणि पेल्यात कॉफी घेत. शेवटी तिनं न वापरलेले कप परत कपाटात ठेवले. त्या आठवड्यात वडीलमंडळातल्या दोघांनी तिला घरी फोन केला, की तुझ्यावर एवढा ताण आहे, प्रभुभोजनाचे ग्लास आता कोणी दुसरं बघेल, तू विश्रांती घे.

शुक्रवारी शिक्षकांचा मला फोन आला. त्यांना झाल्या गोष्टीची लाज वाटत होती. म्हणाले, "लोकांना माहिती नाही म्हणून ते घाबरतात. तू रोज हॉस्पिटलात असतेस. रविवारी पाच मिनिटं उभी राहा आणि सांग, की कपानं हा रोग होत नाही. तुझं ऐकतील."

मी हो म्हटलं. मला माहीत होतं. आमच्या वॉर्डात असे दोन पेशंट येऊन गेले होते, मी त्यांना अंघोळ घातली होती. आम्हाला नीट शिकवलं होतं, रोग कशानं होतो आणि कशानं होत नाही. माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

रविवारी मुलीला नर्सरीत सोडून मी जिना उतरत होते, तेवढ्यात वर्गातली एक बाई मला थांबवून म्हणाली, "तू त्या रोगाच्या माणसांना हात लावतेस?" आवाज प्रेमळ होता. मी म्हटलं, वेळ आली तर लावते. ती म्हणाली, "माझ्या सुनेच्या मनात आलं, म्हणून विचारलं. तिची मुलं तुझ्या मुलीबरोबरच खेळतात ना वर. तू खाली काही बोलणार आहेस असं ऐकलं. विचार करून बोल हं."

खाली वर्ग भरला होता. मावशी आणि तिचा नवरा दोघंही आलेले. शिक्षकांनी माझी ओळख करून दिली, जशी काही मला कोणी ओळखत नव्हतं. मी उभी राहिले. समोर सगळे चेहरे माझ्याकडे. मी म्हणाले, "डॉक्टरांच्या मते कपानं वगैरे बहुधा धोका नसतो." कोणीतरी विचारलं, "बहुधा?" मी म्हणाले, "म्हणजे, संशोधन चालू आहे. पण काळजी घेतलेली बरी."

एवढंच. पाच मिनिटं सांगितली होती, मी अर्ध्या मिनिटात खाली बसले. कोणाचा तरी सुटकेचा श्वास ऐकू आला. शिक्षकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझं इंग्रजी कमी पडलं असावं. मावशीला तसं वाटलं नाही. तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं, मग नवऱ्याच्या कोटाची बाही ओढली आणि दोघं उठून गेली. उपासनेलाही थांबली नाहीत.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरंच झालं. आपण कशाला मध्ये पडायचं? आपल्याला इथे राहायचंय." मी रागानं भांडी आदळली. पण त्यानं जे बोलून दाखवलं तेच माझ्या मनात होतं.

वर्ग ठरल्याप्रमाणे चालू राहिला. आणखी चार रविवार आम्ही आजाऱ्यांना कसं भेटावं ते शिकलो. खुर्च्यांवर आडवं होणं, दार वाजवणं, सगळं. दोन मैलांवर मावशीचं घर होतं. शिक्षक दोनदा जाऊन आले, पाळक जात होते. बाकी कोणी गेलं नाही. काहींनी कार्डं पाठवली. तिसऱ्या रविवारी मध्येच मला बसवेना. मी उठून वर आले आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मऊ भात आणि मुगाचं वरण डब्यात भरून तिच्या दारात उभी राहिले.

तिनं दार उघडलं. फार वाळली होती. तिनं डब्याकडे बघितलं आणि विचारलं, "वर्गातून आलीस की हॉस्पिटलातून?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

ती बाजूला झाली. मी आत गेले.

मुलगा मागच्या खोलीत होता. तिथे त्याचं शाळकरी वयाचं टेबल अजून होतं आणि भिंतीवर त्यानंच काढलेला एका नदीचा नकाशा. अंगावर मांस उरलं नव्हतं. तोंड आतून सोललेलं, त्यामुळे त्याला गिळता येत नव्हतं. त्याची आई त्याला एकटीनं कूस बदलून द्यायची आणि त्याच्या पाठीला फोड आले होते. मी हात धुतले आणि कामाला लागले. कापसानं तोंड कसं पुसायचं, पाठीखाली उशी कुठे द्यायची, ते तिला दाखवलं. तो म्हणाला, "आईनं ड्रायव्हिंग शिकवलेली ती तूच का?" मी हो म्हटलं. म्हणाला, "मला शिकवताना ती फार ओरडायची." बोलायला त्याला त्रास होत होता, तरी बोलला. वरण दोन चमचे गेलं.

मग मी आठवड्यातून तीनदा जाऊ लागले. मी घरी आले की नवरा मुलीला थोडा वेळ माझ्याजवळ येऊ द्यायचा नाही, आधी कपडे बदल म्हणायचा. मावशी माझ्याशी कामापुरतं बोलायची. डिसेंबरात एकदा आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालत होतो, तेव्हा तिनं विचारलं, "त्या दिवशी तू बहुधा का म्हणालीस? तुला तर माहीत होतं."

"घाबरले."

"रोगाला?"

"नाही. त्यांना."

"त्यांना," ती म्हणाली. चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. तिनं ते घेतलं, घडी पुरी केली आणि पुढची चादर उचलली. मी म्हटलं, "मला माफ करा, मावशी." ती म्हणाली, "तो उठलाय बहुतेक. बघ जरा." तो झोपलेलाच होता.

फेब्रुवारीत तो गेला. सकाळची वेळ होती, आई-वडील दोघं जवळ होते, मी हॉस्पिटलात होते. गावातल्या एका अंत्यविधीवाल्यानं देह घ्यायला नकार दिला. दुसऱ्यानं घेतला, पण शवपेटी उघडायची नाही या अटीवर. त्यामुळे आईला त्याचा चेहरा पुन्हा बघता आला नाही. चर्चमध्ये पाळकांनी उपासना चालवली. मंडळीतली निम्मी माणसं आली. वर्गातले शिक्षक आले, पहिल्या बाकावर बसले आणि सगळा वेळ रडले. तळघरात बायकांनी जेवण ठेवलं होतं, फेकून द्यायच्या अल्युमिनियमच्या ट्रेमध्ये. लोक कोट न काढता उभ्यानं खात होते. जिन्यात मला अडवणारी बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तू फार केलंस त्याच्यासाठी. तुझ्यासारखी माणसं हवीत." मी तिला थँक यू म्हटलं.

जमीन गोठलेली होती, म्हणून दफन एप्रिलपर्यंत थांबलं. त्या दिवशी आम्ही सहा जण होतो. चिखल होता, वारा होता. पाळकांनी थोडक्यात प्रार्थना केली आणि मावशीच्या नवऱ्यानं मूठभर माती टाकली. मावशीनं टाकली नाही. ती गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

त्यानंतर ती दोघं आमच्या चर्चला आली नाहीत. वडीलमंडळानं त्यांना एक सुंदर पत्र पाठवलं, असं मी ऐकलं. पुढच्या सप्टेंबरात वर्ग पुन्हा सुरू झाला, तेव्हा मी शिक्षकांना 'बहुधा' का म्हटलं ते सांगितलं आणि त्यांनी मला एकदा तरी सगळ्यांपुढे खरं सांग, असं बजावलं. मी या वेळी सांगितलं. रोगाबद्दल आणि माझ्याबद्दलही, कागदावर लिहून नेलं होतं म्हणून पूर्ण सांगू शकले. लोकांनी शांतपणे ऐकलं. एक म्हातारा म्हणाला, "आता काय उपयोग?" त्याला माझ्यावर राग नव्हता, खरंच विचारत होता. मग शिक्षकांनी कागद वाटले. त्या रविवारनंतर मी वर्गाला जाणं सोडलं. उपासनेला जात राहिले, कारण मुलगी तिथे रुळली होती आणि मला दुसरीकडे कुठे जावं ते माहीत नव्हतं.

दोन वर्षांनी मला मावशी एका शॉपिंग सेंटरच्या दारात भेटली. केस पूर्ण पांढरे झाले होते. तिनं मुलीची चौकशी केली, कितवीत आहे, दात पडले का. तिच्या नवऱ्याला स्ट्रोक येऊन गेला होता, एक हात चालत नव्हता. मी विचारलं, आता कुठल्या चर्चला जाता? म्हणाली, कधी या, कधी त्या. मागे बसते, संपायच्या आधी निघते.

"मी येऊ का घरी?" मी म्हटलं. "काकांना बघायला. मला रविवारी सुट्टी असते."

तिनं पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"नको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आम्हाला आता सवय झालीय."

मग तिनं हातमोजे काढले आणि नवऱ्याची औषधं घ्यायला आत गेली.