पुण्याला निघालेला शर्ट

पुण्याला जायचं आमच्या घरात बायकोनं ठरवलं. तिची थोरली बहीण पुण्यात दिलेली होती आणि एका उन्हाळ्यात ही तिच्याकडे आठ दिवस राहून आली. आल्यावर ती फक्त नळाबद्दल बोलत होती. बहिणीच्या स्वयंपाकघरात नळ होता, तो सकाळ-संध्याकाळ यायचा आणि त्याच्याखाली भांडं ठेवून माणसाला दुसरं काम करता यायचं. तिनं शनिवारवाडा पाहिला की नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही.

परभणीत आम्ही ज्या गल्लीत भाड्यानं राहत होतो तिथंही नळ होता, म्हणजे नळाचा पाइप होता. पाणी हापशाचं. बायको सकाळी चार खेपा करी आणि ऊन उतरल्यावर चार. मुलगी झाल्यापासून तिची कंबर धरलेली होती. डॉक्टरांनी वजन अजिबात उचलायचं नाही म्हणून बजावलं. मग पाणी कोण आणणार, असं तिनं विचारलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि चोळायला मलम लिहून दिलं. मी पाणी आणत नसे. बाप्या माणूस हापशावर गेलेला आमच्या गल्लीत बरा दिसत नाही, असं मी धरून चाललो होतो. कुणाला बरा दिसत नाही, याची चौकशी मी कधी केली नाही.

मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होतो. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा, जाणाऱ्या कागदावर नंबर टाकायचा, आणि मध्ये चहा. आमच्या खात्याच्या पुण्याच्या कचेरीत माझ्या जोडीची एक जागा रिकामी झाल्याचं पत्रक माझ्याच टेबलावर आलं. ते मी घरी सांगितलं ही माझी पहिली चूक. बायकोनं त्याच संध्याकाळी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. अक्षर माझं होतं, मजकूर तिचा होता. परभणीहून गेलेल्या अर्जाचं पुढं काही होत नसतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव होता. तो अर्ज मात्र मंजूर होऊन आला. सोबत एक छापील संमतीपत्र होतं. त्यावर सही करून दोन महिन्यांच्या आत पुण्याला पाठवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

मला जायचं नव्हतं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण कारण सांगावं लागलं असतं. लग्नाआधी एकदा मी पंधरा दिवस पुण्याला ट्रेनिंगला गेलो होतो. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये मी म्हणालो, "लय भूक लागायलीय, काय गरम हाय का?" काउंटरवरच्या माणसानं मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं. मग त्यानं आतल्या दोघांना बाहेर बोलावलं आणि तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. ते हसले, मीही त्यांच्याबरोबर हसलो. त्यानंतरचे चौदा दिवस मी बोटानं दाखवून जेवलो. हसलो याची मला आजही लाज वाटते.

बायकोला हे सांगणं शक्य नव्हतं. माझी भिस्त होती अप्पांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर. अप्पा राणीसावरगावला शेती करत. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा माणूस. ते परमुलखाला जायला साफ विरोध करतील आणि मला आज्ञाधारक मुलगा होऊन गप्प बसता येईल, असा माझा हिशेब होता. अप्पा परभणीला आले, सुनेचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, जावा की. पाणी असलेली जमीन सोडून कोरडवाहूत कोण राहतं, असं त्यांनी मलाच विचारलं. मग ते गावी जाऊन स्वामींकडून मुहूर्त काढून आले. गुरुवार, सकाळी साडेनऊ. त्या दिवशी मी पश्चिमेला निघायचं, पुण्यात घर बघायचं, हजर व्हायचं आणि मग बायकोला आणि मुलीला न्यायचं.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. बंद कधी पुकारला जाईल याचा नेम नसे. बुधवारी संध्याकाळी गुरुवारचा बंद जाहीर झाला, एसटी डेपोत उभ्या. मला मनातून बरं वाटलं. पण अप्पांकडे उपाय होता. ते म्हणाले, परस्तान ठेवू.

आता हे फारसं कुणी करत नाही म्हणून सांगतो. मुहूर्ताला स्वतः निघणं जमत नसेल तर आपल्या वापरातला कपडा, सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ एका पंच्यात बांधायचे आणि जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्या कुणाच्या घरी त्या घटकेला नेऊन ठेवायचे. म्हणजे माणूस निघाला. अंगानं मागाहून जायचं आणि जाताना ते गाठोडं तिथून उचलायचं. त्याला दोन पथ्यं. ते परत आपल्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, आणि गाठ सोडायची ती पोचल्यावरच.

गुरुवारी साडेनऊला अप्पांनी खुंटीवरचा माझा टेरिकॉटचा पांढरा शर्ट काढला. त्याच्या खिशात संमतीपत्र होतं. चार घड्या घालून मीच ठेवलं होतं, त्याचा कोपरा वर दिसत होता. अप्पा कोणतंही काम सावकाश करतात. त्यांनी शर्ट झटकला, घडी घातली, सुपारी शोधली, ती मिळेना म्हणून बायकोला हाक मारली, तिनं आणून दिली, मग तांदूळ. एवढ्या वेळात "अप्पा, खिशात कागद हाय" हे चार शब्द दहा वेळा म्हणून झाले असते. मी भिंतीला टेकून बघत राहिलो. अप्पांनी गाठ मारली आणि वर आणखी एक मारली.

आमच्या पश्चिमेला एकच घर होतं, सगळी गल्ली ज्यांना खाला म्हणे त्या मुसलमान बाईंचं. त्या एकट्या राहत आणि गल्लीभराच्या गोधड्या शिवत. अप्पा जरा थबकले, मग म्हणाले की दिशा बघायची असते. खालांनी डोक्यावर पदर घेऊन दोन्ही हातांनी गाठोडं घेतलं, कपाटावर ठेवलं आणि म्हणाल्या, "अमानत हय बाबा. जो जाएंगा उसकेच हात में देतूं."

तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, कागद पाठवला का. मी कपाळावर हात मारला. तो मला बरा मारता आला. कागद परस्तानात गेला, असं मी सांगितलं. ती म्हणाली, सोडा गाठ आणि काढा. मी म्हणालो की अप्पांना विचारल्याशिवाय कसं. गाठोडं घेऊन पुण्यालाच जा आणि तिथं सोडा, असंही ती म्हणाली, पण एक रजा बंदात गेली होती आणि आता कागद पोचल्याशिवाय कचेरी मला सोडणार नव्हती. अप्पांना कार्ड टाकलं. त्यांचं उत्तर बारा दिवसांनी आलं. गाठ सोडली तर जाणं मोडतं, स्वामींना विचारून कळवतो. स्वामी गावोगाव फिरतीवर होते. अशा रीतीनं पुण्याला जाण्यासाठी जो कागद पाठवायला हवा होता तो काढता येत नव्हता, कारण मी पुण्याला निघालेलो होतो.

दुसरं संमतीपत्र मागवावं, ही युक्ती बायकोनंच काढली. मी अर्ज लिहिला, जावकच्या रजिस्टरात नंबर टाकला, पाकीट बंद केलं. कचेरीतली पोस्टाची तिकिटं संपली होती. ती मागवायचं काम माझ्याकडेच होतं. घरून एक तिकीट नेऊन चिकटवता आलं असतं, पण सरकारी टपालाला खासगी तिकीट लावणं मला नियमात बसेना. दुसऱ्या कुणाचा कागद मी असा कधी अडवलेला नाही. त्या बाबतीत माझं नाव चांगलं होतं.

इकडे गल्लीच्या लेखी आम्ही गेलो होतो. गवळ्यानं आमचं अर्धा लिटर दुसरीकडे लावून दिलं. घरमालक एका मास्तरांना घर दाखवायला घेऊन आला. आम्ही जेवत होतो, त्यांनी आमच्या ताटांच्या बाजूनं पलंग कुठं बसेल ते मापून बघितलं. वारं येतं का, असंही त्यांनी आम्हाला विचारलं. दोन घरं सोडून बारसं झालं, त्याचं बोलावणं आलं नाही. तुमी गेलाव असं वाटलं, असं त्या बाई बायकोला हापशावर म्हणाल्या. कचेरीत आमचे बडे बाबू निवृत्त होत होते, तेव्हा एकाच खर्चात दोन्ही निरोप उरकावेत असं ठरलं. मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मी भाषणही केलं, आणि त्यात परभणी सोडताना जड जातंय असं म्हणालो. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी त्याच खुर्चीवर होतो. कवा निघायलाव, असं लोक पहिले काही दिवस विचारायचे. नंतर विचारेनासे झाले.

खाला एकट्या विचारत राहिल्या. दर शुक्रवारी त्या गाठोड्यावरची धूळ झटकत आणि दारातून मला सांगत की तुमचं सामान ठीक आहे. बायको हापशावरून येताना त्यांच्या ओट्यावर घागर टेकवून घटकाभर थांबायची. त्यांचं काय बोलणं चालायचं मला माहीत नाही. एकदा घरात आल्यावर ती म्हणाली की पुण्याला गेल्यावर खालांना आठ दिवस बोलवायचं. मी हो म्हणालो.

मुदत संपली. त्याच दिवशी दुपारी कचेरीत तिकिटं आली.

त्या आठवड्यात अप्पा आले. जागा गेली म्हटल्यावर त्यांना गाठोड्याची काळजी लागली. ते घरात आणता येईना आणि दुसऱ्याच्या कपाटावर जन्मभर ठेवता येईना. स्वामींची गाठ पडली होती आणि त्यांनी मार्ग सांगितला होता. पश्चिमेला एक गाव तरी जाऊन यायचं, तिथं पाण्याचा घोट घ्यायचा, गाठ सोडायची आणि परतायचं. म्हणजे जाणं झालं. रविवारी सकाळी मी खालांकडे गेलो. जाणाऱ्याच्या हातात द्यायचं असल्यामुळे त्यांनी आधी विचारलं, पुण्याला ना? मी पाथरीला म्हणालो. त्यांनी धूळ झटकली आणि गाठोडं दिलं.

पाथरीच्या स्टँडवर मी चहा घेतला आणि बाकावर बसून गाठ सोडली. संमतीपत्राला हळदीचा डाग पडला होता, बाकी कागद उत्तम होता. परतीच्या गाडीनं संध्याकाळी पाचला घरी आलो. एवढाच माझा पश्चिमेचा प्रवास.

बायको ज्वारी निवडत बसली होती. अप्पा सकाळीच गावी गेले होते, मुलगी शेजारी खेळायला गेली होती. मी शर्ट खुंटीला लावला. तिनं सुपातून मान वर न करता विचारलं, "गाठ माराच्या आदी तुमाला कागद दिसला व्हता का?"

मी खोटं बोललो असतो. तशी तयारीही होती. पण तिचा आवाज इतका साधा होता की मला जमलं नाही. दिसला व्हता, असं मी म्हणालो.

तिनं दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग मी तिला कँटीनचं सांगितलं. तीनदा म्हणावं लागलं ते, आतून माणसं बोलावली ते, मी हसलो ते, सगळं. सांगताना माझे कान तापले. ती ऐकत होती.

"मंग तितं दुकानात मी गेले असते," ती म्हणाली. "मला बोलाया कुठं लाज वाटती? तुमी कचेरीत गप बसला असता. हितं बी गपच असताव की."

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"न्हाई जायचं म्हनला असता तर मी काय मारले नसते. पानी मी भरतच व्हते, भरलं असतं. पर ह्ये दोन मयने दर खेपंला मी म्हनायलते, आता थोडेच दिवस."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठली आणि कंबरेला हात लावून घागरीकडे निघाली, कारण ऊन उतरलं होतं. मी तिच्या आधी घागर उचलली. तिनं अडवलं नाही.

हापशावर पाचसहा बायका होत्या. मला बघून त्या एकदम बाजूला झाल्या आणि पहिला नंबर मला दिला. दांडा वाटतो त्यापेक्षा जड असतो, आणि पहिल्या दहाबारा वेळा नुसती हवाच येते. घागर कमरेवर घ्यायची कशी ते मला ठाऊक नव्हतं. मी ती खांद्यावर घेतली आणि निम्मी पाठीवर सांडली. कुणी हसलं नाही. घरी आलो, ओतली, परत गेलो. बायको दारात उभी राहून बघत होती.

तिसऱ्या खेपेला मी उंबऱ्यात आलो तेव्हा मला पुण्याला जावंसं वाटायला लागलं. मुदत टळून नऊ दिवस झाले होते.