तिसऱ्या गाण्यातली खुळखुळ

गाडी शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतात. शिकणारा गडबडला तर मास्तरांनी गाडी आवरावी, एवढाच त्यांचा उपयोग. आमचे मास्तर मात्र त्यांच्यावर ड्रम वाजवायचे.

मुद्दाम नाही हं. शिकणारं माणूस शेजारी असताना ते गाणी लावत नसत, तेवढी शिस्त होती. पण मास्तरांच्या डोक्यात मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं ते रॉक संगीत, चालूच असायचं. एखादं दणदणीत गाणं आठवलं की दोन्ही पाय आपोआप चालायला लागायचे आणि गाडी भर रस्त्यात उचकी लागल्यासारखी धक्के द्यायची. शिकणाऱ्याला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. मास्तर गुपचूप पाय मागे घ्यायचे आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, “क्लच जरा सावकाश.” त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं स्वतःला कच्ची समजत राहिली आणि त्यामुळे आयुष्यभर फार जपून गाडी चालवत आली.

मास्तरांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. केस पुढून गेले होते आणि मागे मानेपर्यंत हौसेनं राखले होते. मागची गर्दी थोडी पुढे पाठवता आली तर बघा, असं त्यांची बायको म्हणायची. ती इस्पितळात नर्स होती. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून घरी आल्यावर नवऱ्याच्या गाण्यांतही तेच ऐकू येतं, अशी तिची एकच तक्रार होती.

या नादात मास्तरांना दोन जोडीदार होते. एक शाळेपासूनचा मित्र, गादीवाला. दुसरी दातांची डॉक्टर, जिला हे दोघं तोंडावर दातवाली म्हणत आणि ती ऐकून घेत असे. दर रविवारी दुपारी तिघं गादीवाल्याच्या गोदामात जमत. चारी भिंतींना छतापर्यंत गाद्या रचलेल्या असल्यानं कितीही मोठ्यानं लावलं तरी शेजारपाजारची झोप मोडत नसे.

तर त्यांच्या लाडक्या बँडनं कैक वर्षांच्या मौनानंतर नवा अल्बम काढला. नाव त्या बँडच्या भाषेत होतं आणि तिघांपैकी कुणालाच उच्चारता येत नव्हतं. मुखपृष्ठावर खांद्यावर शिडी घेतलेली एक बकरी होती, म्हणून अल्बमचं नाव पडलं ‘शिडीवाली बकरी’. तिघांनी तो आपापल्या जागी ऐकला आणि रविवारी चर्चेला बसले.

ड्रमच्या संचात एक चपटा ड्रम असतो, स्नेअर. फाटकन वाजतो तो. मेटलवाल्यांची निम्मी भांडणं त्या एका ड्रमवरून होतात. गादीवाला म्हणाला, स्नेअर मेली आहे, ओल्या उशीला थापट मारल्यासारखी वाजते. दातवाली म्हणाली, उलट ती नको तितकी जिवंत आहे, स्टीलचा ट्रे फरशीवर पडल्यासारखी कानात घुसते. गादीवाल्यानं अल्बम गाद्यांच्या मधोमध बसून ऐकला होता आणि दातवालीनं चारी बाजूंनी टाइल लावलेल्या दवाखान्यात. हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. भांडताना विचार करायला वेळ कुणाला असतो?

दातवाली म्हणाली, “तुझ्या कानांत कापूस गेलाय.”

“आणि तू दिवसभर लोकांच्या दाढा कोरतेस,” गादीवाला म्हणाला. “तुला ड्रम काय आणि ड्रिल काय.”

झालं. दातवालीनं नव्या घरासाठी सांगून ठेवलेल्या गाद्या रद्द केल्या. गादीवाल्याची दाढ नेमकी तेव्हाच ठणकायला लागली, पण तो गाल धरून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे गेला. तिथं त्याची चांगली दाढ उपटली गेली, असं तो पुढे बरेच दिवस सांगायचा.

मास्तरांची कोंडी झाली. एकाची बाजू घ्यावी तर दुसरा तुटणार. त्यांनी अल्बम गाडीत पुन्हा पुन्हा ऐकला, काहीतरी मधला मार्ग सापडेल म्हणून. आणि तिसऱ्या गाण्यात त्यांना एक गोष्ट सापडली. पायानं वाजवायचा मोठा बास ड्रम जोरात सुरू झाला की त्याच्या मागोमाग एक बारीक खुळखुळ येत होती. कोरडी, हाडं एकमेकांवर आपटल्यासारखी, आणि ठोक्याला अगदी धरून. मास्तरांच्या अंगावर काटा आला. उशी नाही, ट्रे नाही, या अल्बमचा जीव या खुळखुळीत आहे, अशी त्यांची खात्री पटली.

त्यांनी इंटरनेटवर जगभरचे चाहते जिथे लिहितात त्या ठिकाणी लांबलचक लेख लिहिला. ड्रमवाल्यानं बास ड्रमच्या पोटात काहीतरी बांधलं आहे, तो मरणाचा आवाज आहे, स्नेअरवर भांडणाऱ्यांनी आधी कान उघडावेत, असा एकूण सूर होता. बायकोला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, छान आहे, पण घरात गॅस संपलाय.

लेख मात्र हां हां म्हणता पसरला. कुठल्या कुठल्या देशांतून लोक कळवायला लागले की त्यांनाही खुळखुळ ऐकू आली. एकानं त्यासाठी नवे हेडफोन घेतले होते. एकाला ती पाचव्या गाण्यातही सापडली. गादीवाल्यानं फोन करून सांगितलं की त्याला पहिल्यापासूनच शंका होती. दातवालीनंही तेच सांगितलं. भांडणानंतर दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट, त्यामुळे पुढच्या रविवारी दोघं पुन्हा एका गादीवर बसले. शेवटी एका मुलाखतीत अल्बम ध्वनिमुद्रित करणाऱ्या माणसालाच कुणीतरी विचारलं. तो जरासा थांबला, मग हसून म्हणाला की काही गोष्टी आम्ही चांगल्या कानांसाठी ठेवून देतो. मास्तरांनी ते वाक्य दिवाणखान्यात तीनदा मोठ्यानं वाचलं.

त्या सुमाराला त्यांच्याकडे एक निवृत्त ग्रंथपालबाई शिकायला येत होत्या. अतिशय शांत बाई. मास्तरांनी त्यांना एका रिकाम्या रस्त्यावर अचानक ब्रेक मारायचा सराव दिला. बाईंनी सांगितल्याप्रमाणे पाय दाबला, गाडी जागच्या जागी थांबली आणि सीटखालून एक छोटी डबी सरकत येऊन त्यांच्या टाचेला लागली. बाईंनी हँडब्रेक ओढला, वाकून डबी उचलली, उघडून पाहिली आणि मास्तरांपुढे धरली.

“मास्तर, हे कुणाचे?”

आत दातांची कवळी होती. वरची आणि खालची, दोन्ही.

कवळी मास्तरांच्या सासऱ्यांची. दातवालीनंच करून दिली होती. मास्तर त्यांना दवाखान्यातून घरी आणत होते, वाटेत हिरडीला टोचते म्हणून सासऱ्यांनी ती काढून डबीत ठेवली आणि घरी पोहोचेपर्यंत डबी नाहीशी झाली. सासऱ्यांनी खिसे तपासले नाहीत, गाडी तपासली नाही, सरळ शेजाऱ्याच्या कुत्र्यावर आळ घेतला आणि तेव्हापासून त्या कुत्र्याशी अबोला धरला होता. दातवालीनं नवी कवळी करून दिली आणि विषय तिथंच मिटला होता.

मास्तरांनी डबी हातात घेतली आणि सहज हलवली. खुळखुळ.

उरलेला धडा ग्रंथपालबाईंनी जवळजवळ एकटीनंच पार पाडला. मास्तर काचेतून समोर बघत बसले होते. बाईंना वाटलं, यांच्या घरचं कुणीतरी गेलं असावं. उतरताना त्यांनी मास्तरांच्या हातावर हलकेच थोपटलं.

रविवारी मास्तरांनी दोघांसमोर डबी ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. दातवाली हसता हसता गादीवरून खाली घरंगळली. मग एकदम थांबली, कारण आपणही खुळखुळ ऐकल्याचं छातीठोकपणे सांगितलं होतं हे तिला आठवलं. गादीवाल्याला ते आधीच आठवलं होतं, म्हणून तो हसतच नव्हता.

“मी ऐकली होती रे,” तो हळूच म्हणाला. “खरंच ऐकली होती.”

“तू माझ्या सासऱ्यांचे दात ऐकलेस? इथं बसून?”

“आता मला काय माहीत कुणाचे होते ते.”

गप्प बसावं, असं दोघांचं मत पडलं. पण मास्तरांना ते बरं वाटेना. त्यांनी जगभरच्या चाहत्यांना खरं काय ते लिहून कळवलं, कवळीचा फोटोसुद्धा जोडला. कुणीही विश्वास ठेवला नाही. हा माणूस स्वतःच्याच शोधावर उलटलाय, असं काहींनी लिहिलं. हेडफोन घेतलेला गृहस्थ तर फारच भडकला. त्याच्याकडे गाडीच नव्हती आणि कुणाचे सासरेही नव्हते, मग त्याला काय ऐकू येतं, असा त्याचा बिनतोड सवाल होता. सासऱ्यांना कळलं तेव्हा त्यांनी, आपले दात कुठकुठल्या देशांत गाजले, एवढंच विचारलं आणि संध्याकाळी बिस्किट घेऊन कुत्र्याकडे गेले.

याचा एक परिणाम झाला. मास्तरांचा स्वतःच्या कानांवरचा भरवसा उडाला. रविवारी दोघं तावातावानं बोलत असले की हे “असेल, असेल” म्हणायचे. पेडलवरचे पायही थंडावले. गाडी इतकी सुरळीत चालायला लागली की शिकणाऱ्यांना फाजील आत्मविश्वास आला आणि त्यातला एक परीक्षेत फुटपाथवर चढला.

अशात त्यांच्या लेखाची ख्याती ऐकून गावातल्याच एका बँडचं बोलावणं आलं. चौघं एका रिकाम्या गॅरेजमध्ये वाजवत. ड्रमवर एक बाई होत्या, बेकरीत कामाला. रोज पिठाचे मोठाले गोळे मळून त्यांचे दंड असे झाले होते की ड्रमच बिचकून असावेत. बँडनं पाच गाणी ध्वनिमुद्रित केली होती आणि स्नेअरच्या आवाजाबद्दल मास्तरांचं मत हवं होतं. मास्तर आधी नको म्हणाले. मग बायको म्हणाली, “अहो, जा एकदाचे. तुमची ही शांतता मला झेपत नाहीये.”

गॅरेजमध्ये मास्तरांनी खाली वाकून खुर्चीखाली पाहिलं, खिसे रिकामे केले आणि मग बसले. पाचही गाणी डोळे मिटून ऐकली.

“छान आहे,” ते म्हणाले.

बेकरीवाल्या बाईंचा चेहरा पडला. “एवढंच?”

“चांगलं वाजलंय हो.”

“ते आमच्या घरचेही सांगतात,” बाई म्हणाल्या. “त्यासाठी तुम्हाला कशाला बोलावलं असतं?”

मास्तर अस्वस्थ झाले. इकडेतिकडे बघितलं, घसा खाकरला. मग चाचरत म्हणाले की चौथ्या गाण्यात स्नेअर किंचित सैल वाटते, म्हणजे आपली चूकही असेल, पण चामडं थोडं ताणलं तर बघा.

“मी हेच म्हणत होते,” बाई टेबलावर थाप मारून गिटारवाल्याकडे वळल्या. गिटारवाला म्हणाला, सैल कसली, आधीच तारेसारखी ताणली आहे. बास गिटारवाल्याच्या मते दोष स्नेअरचा नव्हताच, गॅरेजच्या पत्र्याचा होता. चौथा उठून पत्रा ठोकून दाखवायला लागला. आवाज चढत गेले.

मास्तर खुर्ची ओढून त्यांच्या मधोमध जाऊन बसले. “थांबा, थांबा,” ते म्हणाले, “पत्र्याचं नंतर बघू. ते चौथं गाणं पुन्हा लावा.”