कुमुदमावशी आणि परकराची नाडी

कुमुदमावशी गाडी चालवायला बसल्या की आधी चपला काढून सीटखाली सरकवायच्या. अनवाणी पायांशिवाय गाडीला कुठं दुखतंय ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. नोकरीसाठी मी इंदूरला आले आणि त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला, त्या दिवशी मला त्यांचे फक्त पायच दिसले. एका जुन्या, पिवळट पांढऱ्या मोटारीखालून बाहेर आलेले, टाचांना ग्रीस लागलेले. खालून आवाज आला, "भिया, तो पाना सरकव जरा." मी मुलगी आहे हे कळल्यावरही त्यांच्या लेखी मी भियाच राहिले.

मावशी कापड मिलच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान, काका, गेले तेव्हा पोलोग्राउंडच्या मिस्त्रीनं गाडी भंगारात काढायला सांगितलं. काढू की, मावशी म्हणाल्या, पण आधी आत काय काय असतं ते उघडून दाखव. मग दर रविवारी पोह्यांचा डबा घेऊन त्या त्याच्या गॅरेजात स्टुलावर जाऊन बसायला लागल्या. काही महिन्यांनी भंगाराचा विषय मिस्त्रीच विसरला.

डिकीत त्यांचा एक मिठाईचा डबा असे. त्यात साबणाच्या वड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, परकराच्या नाड्या. पेट्रोलची टाकी ठिबकायला लागली तर चिरेवर साबण घासून त्या बाजारहाट करून यायच्या. एखादा पार्ट आता मिळत नाही म्हटलं की चिडायच्या. "‘नहीं मिलता’ हे दुकानदाराचं झालं. आपलं काय ते सांग." आणि मी घाबरले की, "पहिले बोनेट उघड, मग घाबर."

रंगपंचमीच्या दिवशी दुपारी माझ्या बहिणीच्या सासूबाईंचा मानपूरहून फोन आला. मेधाला कळा सुरू झाल्या होत्या, मूल पायाळू होतं आणि तिथली नर्स म्हणत होती की तिच्या इंदूरच्या डॉक्टरांकडेच न्या. ॲम्ब्युलन्स हायवेवरच्या अपघाताला गेलेली. इकडे सगळं इंदूर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला रस्त्यावर, एकही टॅक्सीवाला फोन उचलेना. मी जिन्यातच रडकुंडीला आले होते. मावशी काही न विचारता किल्ली घेऊन खाली उतरल्या.

जाताना गाडी शहाण्यासारखी गेली. परतताना मागच्या सीटवर मेधा आणि तिच्या सासूबाई, पुढं आम्ही दोघी. महूच्या अलीकडे एका चढावर इंजिनचा आवाज एकदम पडला. मावशींनी पायानं दाबून पाहिलं, पेडल सपशेल ढिलं. ॲक्सिलरेटरची केबल तुटली होती. मागून मेधा कण्हत होती.

मावशींनी डबा काढला. परकराची नाडी कार्बोरेटरच्या खटक्याला बांधली, बोनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढली आणि माझ्या खिडकीतून आत घेऊन तिचं टोक माझ्या मुठीला गुंडाळलं.

"आता ॲक्सिलरेटर तू. खींच म्हटलं की खींच, ढील म्हटलं की ढील. बाकी मी बघते."

पहिल्या हिसक्याला गाडीनं अशी उडी मारली की सासूबाईंचा रामनामाचा जप मध्येच तुटला. मग मात्र जमायला लागलं. मावशी क्लच दाबताना ढील म्हणायच्या, गियर पडला की खींच. माझी मूठ आणि त्यांचा पाय जणू एकाच अंगाचे झाले. वारा तोंडावर येत होता, नाडी ताणलेल्या पतंगाच्या मांज्यासारखी थरथरत होती, आणि इतकी भीती वाटत असतानाही मला आतून हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या. दोन कळांच्या मध्ये मेधालाही हसू आलं. थोड्या वेळानं सासूबाईच जप सोडून "खींच, खींच" म्हणू लागल्या.

शहरात शिरलो तर समोर रंगात भिजलेली टोळी आडवी. त्यांनी बोनेटमधून निघालेली नाडी पाहिली, मागे मेधाला पाहिलं, आणि पिचकाऱ्या टाकून गाडीपुढं धावत सुटले. "साइड दो, डिलेवरी केस है," म्हणत त्यांनी आम्हाला थेट हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत नेलं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी धावत बाहेर आले तर मावशी गाडीला टेकून उभ्या. चला, बाळ बघा, म्हटलं. "आले," म्हणाल्या, "पहिले हिला थंड होऊ दे."

पुढं त्यांची नजर अधू झाली, गाडी चालवायला त्यांनी मला शिकवलं, आणि लेकीनं त्यांना कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी किल्ली माझ्या हातात देऊन त्या शेजारच्या सीटवर बसल्या. स्टेशनच्या वाटेवर, भर चौकात, गाडी बंद पडली. किल्ली फिरवली तर साधा खटकासुद्धा नाही. मागे हॉर्न, रेल्वेची वेळ होत आलेली. मी मावशींकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"माझ्याकडे काय बघतेस?" एवढंच म्हणाल्या.

मी उतरले. बॅटरीच्या वायरचं टोक सैल होऊन हलत होतं. केसातली पिन दुमडून मी त्यात ठोकून बसवली आणि किल्ली फिरवली. इंजिन धडधडत जागं झालं. आत बसले तेव्हा माझे दोन्ही हात काळे, आणि स्टिअरिंग कसं धरावं कळेना.

मावशींनी प्रवासासाठी काढलेल्या नव्याकोऱ्या महेश्वरीचा पदर माझ्यापुढं धरला.

"पूस," त्या म्हणाल्या.