खाली म्हणजे खाली

ज्याच्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही असा एकच मनुष्य सबंध मध्यप्रदेशात राहतो, आणि दुर्दैव असे की तो माझा व्याही आहे. पांढुर्ण्यात मी आयुष्यभर वकिली केली. वीजखाते, नगरपालिका, रेल्वे आणि दुधात पाणी घालणारा आमचा गवळी यांपैकी प्रत्येकाला मी रजिस्टर पोस्टाने पत्रे पाठवली आहेत आणि गवळ्याखेरीज सर्वांकडून लेखी उत्तरे मिळवली आहेत. परंतु व्याह्यांना नोटीस कशी पाठवणार? मी मुलीचा बाप. मुलीच्या बापाने मुलाच्या बापासमोर रागाने खाकरणेसुद्धा आमच्याकडे अशिष्ट समजले जाते. कायद्यापुढे सर्व समान असतात हे विधान ज्याने प्रथम केले, त्याला मुलगी नसावी.

हे गृहस्थ सौंसरच्या शाळेत चित्रकला शिकवीत असत. निवृत्त झाल्यावर त्यांनी रंगांचा ब्रश खाली ठेवला आणि पेचकस हाती घेतला. त्या दिवसापासून त्यांच्या घरात त्यांनी दुरुस्त न केलेली एकही वस्तू उरली नाही, आणि म्हणूनच धड चालणारीही एक उरली नाही. त्यांचा रेडिओ स्वयंपाकघराचे दार उघडे असेल तरच बोलतो. छताचा पंखा काठीने ढोसल्याशिवाय फिरत नाही, आणि त्या काठीसाठी भिंतीत सन्मानाने एक स्वतंत्र खिळा ठोकलेला आहे. भिंतीवरचे घड्याळ वेळ अचूक दाखवते, पण तिरपे टांगले तरच. त्यामुळे त्या घरातली सर्व माणसे मान वाकडी करून वेळ पाहतात. लग्नानंतर माझी मुलगी पहिल्यांदा माहेरी आली आणि आमच्या सरळ घड्याळाकडे मान वाकडी करून पाहू लागली, तेव्हा तिच्या आईने पदर डोळ्यांना लावला. मी हा विषय व्याह्यांपुढे अत्यंत सौम्य शब्दांत काढला. ते म्हणाले, "वस्तू बिघडत नसते, इवाई. तिची सवय बदलत असते. मंग आपुनबी आपली सवय बदला लागते."

आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात. हा शब्द ते इतक्या प्रेमाने उच्चारतात, की माणसाचा संताप जिभेपर्यंत येऊन परत जातो. परत गेलेला संताप प्रकृतीला किती अपायकारक असतो, हे मला माझ्या डॉक्टरांनी सांगितले आहे.

माझ्याजवळ एक जुनी, फिकट निळ्या रंगाची मोटार आहे. तिचा पेट्रोल दाखवणारा काटा एके दिवशी 'भरलेली' या खुणेपाशी जाऊन बसला आणि टाकीत थेंब नसतानाही तेथून हलेना. मी कारखान्याला कडक पत्र लिहिण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात मुलीकडून ही बातमी सौंसरला पोहोचली आणि दुसऱ्या सकाळच्या पहिल्या बसने व्याही हत्यारांची पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. चहा घेण्यापूर्वीच त्यांनी गाडीची डिकी उघडली आणि मला पुढच्या आसनावर बसवले.

"तुमी फक्त काट्याकडे पाहा. मी टाकीची तार काढून अंगाले लावून राहिलो."

"कोणाच्या अंगाला?" मी घाबरून विचारले.

"गाडीच्या अंगाले जी! हालला का?"

"किंचित हलल्यासारखा वाटतो."

"वाटते काय, इवाई? हालला का नाई हालला, हो की नाई ते सांगा. कोर्टात साक्षीदारायले असंच बोलू देत होते का तुमी?"

जन्मभर जो प्रश्न मी इतरांना दरडावून विचारला, तो माझ्याच अंगणात, माझ्याच मोटारीत, मला विचारला जात होता. कुंपणापलीकडून शेजारी पाहत होते. मी दात आवळून म्हणालो, "हलला."

"मंग काटा निर्दोष हाय. गुन्हेगार टाकीत हाय."

निदान अचूक होते. हे मी मान्य करतो, कारण पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट मी नाकारत नाही. टाकीत पेट्रोलवर तरंगणारी एक पितळी डबी असते. ती वरखाली होते तसा तिच्या दांड्यामुळे काटा फिरतो. व्याह्यांनी डबी बाहेर काढली, घासली, पुसली, उन्हात वाळवली आणि संध्याकाळी परत बसवली. फक्त दांडा उलटा बसवला. आम्ही टाकी काठोकाठ भरून आणली तेव्हा काटा धाडकन तळाला गेला. कोणताही सभ्य मनुष्य अशा वेळी खजील झाला असता. हे मात्र प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "सोपं झालं. काटा खाली म्हंजे टाकी भरली. काटा वर म्हंजे टाकी खाली. खाली आन् खाली एका ठिकाणी येत नाई, येवढं ध्यानात ठेवा." आणि शेवटच्या बसने ते निघून गेले.

या 'खाली' शब्दाविषयी माझी जुनी तक्रार आहे. मराठीत त्याचा अर्थ वर नसलेले, हिंदीत रिकामे. आमच्या या सीमेवरच्या मुलखात दोन्ही अर्थ एकाच जिभेवर बिनभाड्याचे राहतात. "तवा घर खाली होतं" या एका साक्षीवर मी पूर्वी एक दावा हरलो आहे. मी घर उताराच्या खाली असल्याचे नकाशानिशी सिद्ध करीत राहिलो, आणि साक्षीदाराला केवळ ते रिकामे होते एवढेच सांगायचे होते. तोच शब्द आता माझ्या मोटारीत येऊन बसला. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला मला खुलासा द्यावा लागे. पण हळूहळू मी उलटा काटा सुलटा वाचू लागलो. इतका, की काटा तळाला टेकलेला पाहिला की मला समाधान वाटे. माझीही मान वाकडी झाली होती.

अशात मुलीचे पहिले बाळंतपण आले. ते माहेरीच व्हायचे असते. डॉक्टरांनी बजावले होते की प्रवास एकदाच करा, गचके बसू देऊ नका आणि उन्हाच्या आत घरी पोहोचा. बसचा प्रश्नच नव्हता. आदल्या संध्याकाळी मी मोटार घेऊन सौंसरला गेलो. पोहोचताना काटा अगदी वर होता, म्हणजे टाकी रिकामी होत आली होती. सकाळी पंपावर जायचे, असे ठरवून मी झोपलो. सकाळी स्नान आटोपून गाडीत बसलो आणि पाहतो तो काटा तळाला. म्हणजे टाकी भरलेली. म्हणजे या मनुष्याने मी उठण्यापूर्वी पंपावर जाऊन स्वखर्चाने टाकी भरून आणली होती! यांच्याविषयी मनात केलेली सर्व कठोर विधाने मी तिथल्या तिथे मागे घेतली. व्याह्याच्या उपकाराचा उल्लेख तोंडावर करू नये, म्हणून काही बोललो नाही. मुलगी मागे उशा लावून बसली. विहीणबाईंनी तिची ओटी भरली. मी इंजिन सुरू केले. त्या घरघरीत व्याही खिडकीशी वाकून ओरडले, "इवाई, आता खाली म्हंजे खाली!"

"हो, हो," मी म्हणालो, आणि पेट्रोलपंपासमोरून कृतज्ञ अंतःकरणाने पुढे निघून गेलो.

रस्ता निम्माही संपला नव्हता. दोन्हीकडे संत्र्याच्या बागांची काटेरी कुंपणे होती आणि माणूस कुठे दिसत नव्हता. मोटारीने दोन आचके दिले आणि ती शांत झाली. फाल्गुनातले ऊन चढू लागले होते. मी मुलीला हात धरून कडेच्या बाभळीच्या विरळ सावलीत बसवले. तिचे पाय सुजले होते. तिने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, पोट आवळल्यासारखं वाटून राहिलं." भीती वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे. मी रस्त्यावर येरझारा घालत मोठ्याने नोटीस रचू लागलो, "सदर इसमाने जाणूनबुजून, माझ्या संमतीशिवाय, माझ्या वाहनात..."

"मामाजींनी सांगितलं होतं ना तुम्हाला," मुलगी म्हणाली.

"काय सांगितलं?"

"सकाळी त्यांनी दांडा सुलटा केला. तुम्हाला लोकांना समजावत बसा लागते म्हणून. आता खाली म्हंजे खाली. काटा खाली, टाकी खाली. आणि तुम्ही तर हो म्हटलं."

मी नोटीस मध्येच थांबवली. तेवढ्यात सौंसरकडून संत्र्यांच्या पेट्या भरलेला एक ट्रक आला आणि कर्कश ब्रेक लावून थांबला. वरून प्रथम पेट्रोलचा एक डबा उतरला आणि त्यामागून माझे व्याही. एका पायात चप्पल होती, दुसरी ट्रकवरच राहिली असावी. माझ्याकडे न पाहता ते बाभळीकडे गेले.

"बाई, पाणी पेली का? पोट कसं हाय?"

"आता बरं वाटून राहिलं, मामाजी."

मग ते डबा घेऊन माझ्याकडे वळले. मी विचारले, "तुम्हाला कसं कळलं?"

"तुमी एका दमात हो म्हटलं जी! आक्षेप घेतल्याबिगर तुमी कधी हो म्हटलं का? मी तवाच घरात सांगितलं, इवाईले काईच समजलं नाई."

मी टाकीचे झाकण उघडले आणि त्यांनी डबा ओतला. पांढुर्ण्यापर्यंत ते मागच्या आसनावर, सुनेने पाय ताणावेत म्हणून स्वतः आखडून, रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले. पुढे यथाकाल नात झाली. मायलेकी सुखरूप होत्या. नोटीस माझ्या मनात संपूर्ण तयार होती, परिच्छेद पाडलेले होते. परंतु प्रत्येक दाव्याला मुदत असते, आणि ती मी टळू दिली.

आता इतक्या वर्षांनी काटा पुन्हा अडकला आहे, या वेळी तळाला. व्याही मागच्या आठवड्यात आले. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत, म्हणून जावई सोबत आले होते. त्यांचे हात आता फार थरथरतात. चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागतो. तरी त्यांनी डिकी उघडून तार सोडवली. मी बाजूला उभा होतो. तारेचे टोक हवेत कापत होते. ते गाडीच्या पत्र्याला लागत नव्हते, आणि चष्म्यातून त्यांना ते दिसत नव्हते. मदतीला मी हात पुढे केला, तर म्हणाले, "तुमी काट्यापाशी बसा, इवाई. तुमचं काम ते."

मी पुढे जाऊन बसलो.

"हालला का?"

मी काट्याकडे पाहिले. खोट्या साक्षीदारांना पिंजऱ्यात घाम फोडणारा मनुष्य मी. मागून पुन्हा आवाज आला, पूर्वीइतका मोठा नव्हता.

"हो की नाई ते सांगा जी."

"हलला," मी म्हणालो. "पुरता हलला."

"मंग काटा निर्दोष हाय," ते समाधानाने म्हणाले, आणि त्यांनी डिकी हळूच लावून घेतली.

काटा खालीच होता.