याडीचा एका दमातला ढावलो

ज्या बाईला मी रडायला बंदी घातली होती, ती आज पहाटे गेली.

सोनीबाई. बंजारा समाजातली, फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची. याडी म्हणजे आई. तिला नातीपासून दूधवाल्यापर्यंत सगळे याडीच म्हणायचे.

मी फिजिओथेरपिस्ट. आर्णीत घरोघरी जाऊन पेशंटचे व्यायाम करून घेते. कडक म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी मेहनतीने कमावली आहे.

पाच वर्षांपूर्वी याडीची बायपास नागपूरला झाली. मग मुलाने तिला आर्णीत आपल्याकडेच ठेवून घेतलं.

छातीचं हाड मधोमध कापून तारेने बांधलेलं. हातांवर जोर देऊन उठायचं नाही, वजन उचलायचं नाही, खोकला आला की उशी छातीशी धरायची.

पहिल्याच दिवशी विचारलं, "काय त्रास होतो?"

"दम नाही राह्यला, बाई. अन् तीन महिन्यानं पूजाचं लगन हाये. तिले ढावलो कोण शिकवीन?"

पूजा म्हणजे तिची नात. ढावलो म्हणजे बंजारा नवरी सासरी जाताना रडत रडत जे गाते ते. घरातल्या जुन्या बायका ते शिकवतात आणि निघायच्या वेळी सोबत गातात. या घरात ते फक्त याडीलाच यायचं.

तिने गाऊन दाखवायचा प्रयत्न केला. अर्ध्या ओळीत धाप लागली.

मी तीन बॉलचं स्पायरोमीटर हातात दिलं. नळीतून श्वास ओढायचा, बॉल वर जातात.

"हे पोराइचं खेळणं मले कायले देऊन राह्यली?"

पहिला बॉल जेमतेम हलला. दुसरा आणि तिसरा ढिम्म.

त्यात तांड्यावरच्या बायका भेटायला यायला लागल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बंजारा बायका खूप दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. नुसतं रडणं नाही, चालीत, सूर लावून. मधल्या काळात काय काय झालं ते सगळं त्या रडण्यातच सांगतात.

आणि इथे छाती तारेने बांधलेली!

मी दारावर कागदच चिकटवला. पेशंटच्या गळ्यात पडू नये. रडवू नये.

दुसऱ्या दिवशी तिची सख्खी बहीण हिराबाई जीपने आली. पूजाने तिला कागद वाचून दाखवला. ती उंबऱ्याशी बसली, ओढणीचं टोक पिळत राहिली आणि तशीच परत गेली.

त्यानंतर याडीने व्यायाम बंद केले. चालणं बंद. जेवणही नावाला.

तिसऱ्या दिवशी पूजाचा फोन आला. "ताई, ते खुर्चीवरबी बसून नाही राह्यली."

मी तावातावाने गेले. याडी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"काहून रुसलात?"

भिंतीकडेच बघत म्हणाली, "माही बहीण मले भेटली नाही. पाहून गेली. मुडद्याले पाह्यतेत तशी."

 

बाहेर येऊन सर्जनना फोन लावला. ते म्हणाले, "हाडावर दाब येऊ देऊ नका, हात ताणू देऊ नका. बाकी रडू द्या हो."

मग मीच हिराबाईंना बोलावून घेतलं. याडीला खुर्चीत बसवलं, छातीवर उशी दिली. हिराबाईंना बाजूला बसवून फक्त खांद्यावर हात ठेवायला सांगितलं. मी नाडी धरून उभी.

दोघींनी सूर लावला.

पहिली ओळ तुटली. दुसरी थोडी लांबली.

चौथ्या ओळीला याडीने खोल श्वास घेतला आणि तो इतका हळू, इतका बेताने सोडला की मी मनात मोजायला लागले. चौदापर्यंत गेले.

मग तिला खोकला आला. आठवडाभर माझ्या सगळ्या व्यायामांनी जो कफ सुटत नव्हता, तो सुटला.

मी अक्षरशः थक्क झाले. खोल श्वास, लांब उच्छ्वास, मध्ये विसावा, पुन्हा खोल श्वास. जे मी कॉलेजात साडेचार वर्षं शिकले, ते या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या होत्या. बैलांवर माल लादून मुलखोमुलखी फिरणारे यांचे पूर्वज. पुन्हा भेट कधी होईल, होईल की नाही, याचा भरवसा नाही. त्या बायकांनी भेटीचं रडणंच असं घडवलं होतं, की ते झाल्यावर छाती मोकळी व्हावी.

आणि मी त्यावर बंदी घातली होती. जाताना दारावरचा कागद फाडला.

दुसऱ्या दिवसापासून नवं टाइमटेबल. गल्लीत चालणं, खांद्यांचे व्यायाम, स्पायरोमीटर आणि सकाळ-संध्याकाळ बसून ढावलोच्या तीन-तीन ओळी. पूजाला समोर बसवून.

पूजा लाजायची. "याडी, शेजारचे आयकतेत."

"लाज वाटते त हळू रड. पण दम सोडू नोको."

लग्नात मी हजर होते. याडी स्वतःच्या पायांनी मांडवात आली. पूजाला जवळ घेतलं आणि ढावलो धरला. मी सवयीने मोजायला लागले, पण डोळे भरून आले आणि आकडे राहूनच गेले.

त्याला पाच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हृदयाने तिला त्रास दिला नाही. काल ताप आला, पहाटे झोपेतच गेली.

सकाळी पूजाचा फोन आला, दारव्ह्याहून, सासरून. मी "हॅलो" म्हणाले. 

तिने सूर लावला.

आपल्या माणसापाशी रडावं तशी ती माझ्यापाशी रडत होती. मला फक्त 'याडी' हा शब्द कळत होता. प्रत्येक ओळ शेवटपर्यंत जात होती, एकही मध्ये तुटत नव्हती.

मी फोन कानाला धरून उभी राहिले. मला असं रडता येत नाही. मी माझ्या पद्धतीने रडले.

याडी, तुला मनापासून नमस्कार. तुझ्या पोरीला सगळं आलं गं. निवांत जा.